दादाची टू आणि नातीची वन

रोग माणसाचा स्वभाव पाहून येतो, असे आमच्या घराण्यात पूर्वापार मानले जाते. हे मानणारा आमच्यात माझा थोरला भाऊ एकटाच आहे, आणि पूर्वापार म्हणजे तो फौजेतून सुभेदार होऊन परत आला तेव्हापासून. 'घराणे' हा शब्दही त्याचाच. आम्ही बाकीचे घर म्हणतो.

दादाला मधुमेह होऊन वीसेक वर्षे झाली. आमच्या गावात त्याला मधुमेह कोणी म्हणत नाही, शुगर म्हणतात. गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी; चहूकडे ऊस, आणि घरटी एकाला तरी शुगर. त्यातही दादाची शुगर ही एखाद्या संस्थेसारखी चालते. पहाटे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तो पाटाच्या रस्त्याने चालून येतो, कारल्याचा रस पितो, बोट टोचतो आणि यंत्रावरचा आकडा ओसरीवरून जाहीर करतो. ज्यांना नव्याने शुगर निघते ते त्याच्याकडे सल्ल्याला येतात. दादा त्यांना आधी उभे करतो, पोटाकडे बघतो, मग बसा म्हणतो. शुगर हा बेशिस्तीचा रोग आहे, असे त्याचे मत. मग तुला कसा झाला, असे विचारायची गावात पद्धत नाही.

पूर्वी हा रोग मुंग्यांवरून ओळखत. माणूस लघवीला बसला तिथे मुंग्या जमल्या की घरचे काय ते समजत. दादाला ही गोष्ट फार प्रिय आहे. यंत्रं नव्हती तरी निदान चोख व्हायचं, असे तो अशा अभिमानाने सांगतो, की त्या मुंग्या त्याच्याच हाताखाली होत्या असे वाटावे.

मागच्या पावसाळ्यात दादाची नात वाळायला लागली. मुलगी आठवीतली. तिचा बाप, म्हणजे दादाचा मुलगा, फौजेत उत्तरेकडे असतो. घरात ती, तिची आई आणि दादा. पोरगी तांब्याने पाणी पिई आणि सारखी बाहेर जाई. खायची दुप्पट, पण फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. तिला गोडाची आवड मुळातच नाही. पुरणपोळी बाजूला सारून कटाची आमटी ओरपणाऱ्यांतली ती. त्यामुळे शुगर कोणाच्या मनातही आली नाही, दादाच्या तर नाहीच. त्याने उलट कौतुक केले की पोरगी चपळ झाली. मग एके दिवशी तिला श्वास पुरेना, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, आणि गाडी करून तिला मिरजेला आणले.

मी सांगलीत राहते. एका ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे घरात सर्व विषयांतली जाणकार म्हणून मला बोलावतात आणि मग माझे ऐकत नाहीत. मी पोहोचले तेव्हा पोरगी अतिदक्षता विभागात होती. तिच्या आईने भिंतीकडे तोंड केले होते, आणि दादा ताठ उभा राहून जो दिसेल त्याला सांगत होता की शुगर घराण्यातच आहे, घाबरायचं कारण न्हाई.

दोन दिवसांनी पोरगी उठून बसली. डॉक्टर बाई तरुण होत्या, आवाज मऊ, पण मध्ये बोललेले त्यांना चालत नसावे. त्यांनी आम्हाला तिच्या खाटेभोवतीच बसवले आणि सांगितले की हिची टाइप वन आहे. आजोबांची टाइप टू.

दादाचा चेहरा उजळला. मला तेव्हाच कळायला हवे होते, पण ते मला गावी गेल्यावर कळले. फौजेत हवालदारानंतर नायब सुभेदार येतो, त्यानंतर सुभेदार. वननंतर टू येतो. म्हणजे पोरगी अजून पहिल्याच पायरीवर होती आणि दादा तिचा वरिष्ठ होता.

बाईंनी विचारले, ऊस आहे ना तुमचा? मग पाण्याची पाळी आली की पाटावर दारं धरायला माणूस लागतो. तो एकेका सरीचं दार फोडतो, पाणी आत घेतो, सरी भरली की दार बांधतो. अन्नातली साखर म्हणजे हे पाटातलं पाणी. ते शरीराच्या पेशींत शिरायला दार उघडावं लागतं, आणि उघडणारा माणूस म्हणजे इन्शुलिन. आजोबा, तुमच्याकडे माणूस आहे. पण दारं गाळानं गच्च झालीत. तो बिचारा एकटा खोरं मारून दमतो. तुमच्या गोळ्या, तुमचं चालणं, हे गाळ काढणं आहे. त्याला फार दमवलंत तर तोही कधीतरी बसेल. हिच्याकडे दारं चांगली आहेत. माणूसच नाही. पाट तुडुंब वाहतोय, पाणी ओढ्याला चाललंय आणि ऊस उभा वाळतोय. म्हणून तहान, म्हणून लघवी, म्हणून ही वाळली. सरीत काही पोहोचेना, तेव्हा शरीर अंगातली चरबी जाळायला लागलं आणि रक्तात आम्ल साठलं.

पोरगी हे सगळे डोळे न हलवता ऐकत होती.

"माणूस गेला कुटं?" दादाने विचारले.

बाई म्हणाल्या की त्याला मारलं. शरीरात रोगजंतूंशी लढणारी फौज असते. तिनं स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशींना शत्रू समजून संपवलं. हिनं काही खाल्लं म्हणून नव्हे, कोणाचं काही चुकलं म्हणून नव्हे.

दादा खाटेचा कठडा धरून पुढे वाकला.

"आपल्याच फौजेनं?"

"हो."

"चौकशी झाली का?"

बाईंनी अजिबात न हसता सांगितले की जगभर चालू आहे, अजून निकाल नाही. तोवर तो माणूस बाहेरून आणावा लागेल, रोज, इंजेक्शनने, आणि किती दारं उघडायची ते हिलाच ठरवावं लागेल.

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले आहे. थोरामोठ्यांच्या थोरवीची वर्णने इतकी हाताळली आहेत की थोरवी म्हटले की मला जांभई येते. पण त्या खाटेशी बसून मला पोटामागच्या त्या हातभरही नसलेल्या पिंडाचा दरारा वाटला. आपण जेवतो, भांडतो, झोपतो, आणि तिथे कोणीतरी एक क्षणही न चुकता दारे उघडते आणि बांधते. त्याचा कधी सत्कार होत नाही. शंभर वर्षांमागे असे मूल आजारी पडले तर त्याच्याजवळ बसून राहण्यापलीकडे आईबापांना काही करता येत नव्हते. आता ती ताकद पेनाएवढ्या नळीत मावते आणि दादाच्या सुनेने ती फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवली.

दिवाळी झाल्यावर मी गावी राहायला गेले, तेव्हा घरात साखर नव्हती. दादाने ती समारंभाने घालवली होती. कारखान्याकडून सभासदांना मिळते ते पोते, गुळाची ढेप, लाडूंचा डबा, सगळे देवळाच्या कोठीत गेले. दवाखान्यातून दिलेली ग्लुकोजची डबीही गेली. शुगरच्या पेशंटला दवाखानाच साखर बांधून देतो, यावर दादाने ओसरीवर मोठे भाषण केले म्हणे. पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा मिळू लागला आणि पाहुणे कमी झाले. मेढ्याकडच्या एका फौजी मित्राने पाठवलेली कसलीशी मुळी उगाळून ठेवली होती. दादाचा बेत सरळ होता: पोरगी वनवर आहे तोवर तिला चालवायचे, कारले पाजायचे, आणि हळूहळू इंजेक्शन सोडवायचे. टूपर्यंत जाऊ द्यायची न्हाई, असे तो म्हणाला तेव्हा मला त्याची पदांची मांडणी समजली. मी ती चूक समजावून सांगितली. दादा म्हणाला, तू पुस्तकातलं सांगतीस, मी वीस वर्सं अंगावर काढलीया.

सुनेची हरकत होती. आमच्या घरात सुनेने हरकत घ्यायची रीत म्हणजे भांडी जरा जोरात ठेवणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने बोट टोचले, भाकरी किती खाणार त्याचा मनाशी हिशेब केला, पोटावर इंजेक्शन घेतले आणि ताटावर बसली. दादा बूट घालून दारात उभा. आधी चालणं, मग खाणं, असे त्याने फर्मावले. आतून पातेल्याचा आवाज आला. पोरगी आईकडे बघून उठली. मला चालण्याची हौस नाही, पण सून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती बघून मी चपला घातल्या.

पाटाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस माणसाच्या वर गेलेला. दादा पुढे, हात झुलवत, पवित्र्यात. पोरगी सुरुवातीला बोलत होती, मग गप्प झाली. थंडीचे दिवस, तरी तिच्या ओठावर घाम दिसला. पाय वाकडे पडायला लागले. मी हाक मारेपर्यंत ती बांधावर बसली होती, आणि तिचे हात थरथरत होते.

"आबा, ऊस मोडा," ती म्हणाली.

दादा परत फिरला. त्याने तिच्याकडे पाहिले, मग उसाकडे, आणि त्याचा चेहरा कठोर झाला. साखरेनंच ही वेळ आणलीया, असे काहीसे तो बोलला. पाणी पी, चक्कर हाय, जाईल. मी त्याला ओरडून सांगितले की ती मागते ते दे. त्याने माझ्याकडे बघितलेही नाही. वीस वर्षांची त्याची सगळी शिस्त एका कांडक्याविरुद्ध उभी होती.

पोरीचे शब्द जड झाले होते. ती एकेक जोडत होती.

"आबा, तुमची वाढती. माझी कमी झालीया. माझा माणूस मेलाय. मीच दारं धरती. आज जादा उघडली, आन खाल्लं न्हाई. पाटात पाणी न्हाई आता. ऊस मोडा."

दादा उसात शिरला. मी त्याला इतक्या वेगाने हलताना कधी पाहिले नव्हते. त्याने ऊस मुळाशी मोडला, गुडघ्यावर आपटून कांडकी केली आणि दातांनी सोलायला लागला. सत्तरीत सगळे दात शाबूत आहेत, याचा त्याला त्याच्या आकड्यांइतकाच अभिमान आहे. तो सोलून एकेक करवा तिच्या तोंडात देत होता, ती चावत होती, रस हनुवटीवरून गळत होता. सोलताना त्याच्या तोंडात जो रस आला तो त्याने थुंकला की गिळला, हे मी पाहिले नाही असे मी ठरवले आहे.

हळूहळू थरथर थांबली. तिने डोळे नीट उघडले आणि फ्रॉकला हात पुसले. दादा तिच्यासमोर मातीत बसला होता, पांढरे बूट चिखलाने भरलेले.

"रोज तूच धरतीस दारं?" त्याने विचारले.

"मग कोण?"

"झोपंत बी?"

"झोपंत आई बघती उठून."

सून रात्री उठते हे दादाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. त्याने एक चिपाड उचलले, बघितले, टाकले. मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने खालच्या, विचारले, "मग आमच्या टूचं काय?"

"तुमचा माणूस हाय की अजून, आबा. त्येला सांभाळा."

दादाने मान हलवली. ही मान त्याने फौजेत वरच्या अधिकाऱ्यापुढे हलवली असेल. घरात मी पहिल्यांदाच पाहिली.

घरी आल्यावर सुनेने ताट वाढले, पोरीने भाकरी खाल्ली. दादा तिच्याशेजारी बसून तिची भाकरी संपेपर्यंत एकेक घास मोजल्यासारखा बघत होता, आणि मीही. घासातून रक्तात, रक्तातून दारापर्यंत, आणि दारावर आठवीतली एक मुलगी उभी. शाळेत जाते, गणिताला कंटाळते, आणि सगळ्या जगासाठी निसर्ग जे न सांगता करतो ते रोज हिशेब करून करते. मोठ्या माणसांची चरित्रे मी पुष्कळ वाचली. त्यांतल्या कोणाला हे जमले असते, मला शंका आहे.

दादा संध्याकाळी देवळात गेला आणि देवाला दिलेल्या साखरेतली वाटीभर साखर परत घेऊन आला. कोणत्या शब्दांत मागितली ते त्याने सांगितले नाही. भाषणही केले नाही. मेढ्याची मुळी कुंडीतल्या तुळशीला गेली. आता कोणी सल्ल्याला आले तर दादा पोटाकडे न बघता आधी विचारतो, वन का टू, आणि वन असेल तर म्हणतो की माझ्याकडं न्हाई, आमच्या पोरीकडं जा. बसा मात्र दोघांनाही लगेच म्हणतो.

वीस वर्षे ज्याने साखरेला बोट लावले नाही तो आता शर्टाच्या डाव्या खिशात साखरेची पुडी ठेवतो. चालायला जाताना, बाजारात, लग्नाकार्यात, पोरगी बरोबर असो वा नसो. कागदाची पुडी, घामाने मऊ होते, कोपऱ्यातून सांडते.

दादाच्या खिशाला मुंग्या लागतात.