सोळा रंगांतला चेहरा

बेदाण्याचा आंबूस-गोड वास आला की मला तासगावातलं, बेदाण्याच्या शेडजवळचं माझ्या मित्राचं घर आठवतं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्याबरोबर असलेला हा मित्र मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. दहाव्याला लावायला घरात त्याचा शाळेतलाच फोटो होता; अलीकडचा एकच, तोही त्यानं स्कॅन करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेला, कागदावरची प्रत कुठं सापडत नव्हती. त्यावर त्यानं नुकतीच लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. मशीन सुरू केलं की अक्षरांच्या ओळी भराभर सरकायच्या आणि डेस्कटॉप यायच्या वेळेला पडदा काळा पडायचा. "बघ रं बाबा, त्येच्या आयला तोंड बघायचंय," त्याचे वडील म्हणाले. पडद्यावर चित्र उमटवणारं त्याचं नवं डिस्प्ले कार्ड लिनक्सला ओळखता येत नव्हतं आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, माझ्याकडं नव्हता. शेवटी मी कुठल्याही कार्डावर चालणारा साधा ड्रायव्हर लावला. पडदा उजळला, पण त्यात रंग फक्त सोळा. फोटो उघडला तर गालांवर हिरवे-जांभळे डाग आणि डोळ्यांच्या जागी काळे ठिपके. त्याची आई बराच वेळ बघत राहिली. मग "ह्यो माझा न्हाई," एवढंच म्हणाली आणि आत गेली. "काका, मी सांगलीहून ड्रायव्हर आणतो, चेहरा स्वच्छ दिसंल," मी घाईघाईनं म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नगं रं. दवाखान्यात तोंडावरचं कापड काढलं, तवा बी ती ह्येच म्हणली हुती." त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. दहाव्याला शाळेतलाच फोटो लावला. आज मित्राचा चेहरा आठवायला गेलो, की मला आधी ते हिरवे डागच दिसतात.