बेचाळीसातून सतरा गेले, पस्तीस

ज्योत्स्ना ओव्हाळ मॅडमना शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप समूहाचा मनापासून राग होता आणि तो समूह त्या सोडतही नव्हत्या. समूह अख्ख्या बीड जिल्ह्याचा, नाव ‘ज्ञानगंगा’. गंगेला रोज सकाळी पूर यायचा: गुलाब, सुविचार, वाढदिवस, कुणाच्या तरी सत्काराचे शाल-नारळवाले फोटो. त्यात शिकण्यासारखं काही सापडलं तर नशीब.

मॅडम नेकनूरजवळच्या एका वस्तीवर दुसरीचा वर्ग घ्यायच्या. सोमवारी साहेब वर्ग तपासायला येणार होते आणि बेचाळीसातून सतरा वजा करायला सांगितले की सगळी पोरं पस्तीस लिहीत होती. तेही अगदी छाती काढून! साहेब एकदा ‘अप्रगत’ लिहून गेले की तो शिक्का पोरांना वर्षभर पुसता येत नाही. मॅडमना मात्र वेगळीच शंका खात होती. पोरांना येत नाही, की आपल्यालाच शिकवता येत नाही?

शेवटी लाज गुंडाळून ठेवून त्यांनी समूहावर विचारलं, ‘माझ्या वर्गाला हातच्याची वजाबाकी जमत नाही. काय करू?’

लगेच उत्तरं सुरू झाली. ‘खूप छान उपक्रम, मॅडम.’ ‘अभिनंदन!’ ‘असेच कार्य घडत राहो.’ एका केंद्रप्रमुखांनी तर पुष्पगुच्छच टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चिडून वर्गातल्या वजाबाकीचा व्हिडिओ टाकला. घ्या, करा अभिनंदन! लोकांनी केलंच. पण दुपारी फोन आला तो घाटनांदूरच्या पंडित गुरुजींचा. निवृत्तीला टेकलेले हे गुरुजी म्हणजे समूहातल्या निम्म्या गुलाबांचे धनी.

“म्याडम, तुमी तुमचा व्हिडिओ आवाज लावून बघितला का?”

“मी वर्गातच होते की, गुरुजी.”

“तरी बी ऐका. पोरगी फळ्यापाशी काय म्हनती, ते ऐका.”

मॅडमनी ऐकलं. वैष्णवी म्हणत होती, “दोनातून सात जात न्हाई. शेजारच्या चाराकडून एक उसना घेतला. बारातून सात गेले, पाच. आता उसनं परत देऊन टाकते.” आणि तिनं तिनाचे पुन्हा चार केले. चारातून एक गेला, तीन. पस्तीस!

‘शेजाऱ्याकडून उसना घ्या’ हे मॅडमचंच वाक्य. वस्तीवर साखरेची वाटी उसनी आणली की ती परत द्यायला पोरांनाच पिटाळतात. पोरं बिचारी शेजारधर्म पाळत होती. मॅडम आधी खो खो हसल्या, मग स्वतःवरच वैतागल्या.

त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि ‘उसना’ शब्द वर्गातून हद्दपार केला. सुट्या काड्या कमी पडल्या? मग आपलाच गठ्ठा सोडा. आपलंच आपण सोडलं, परत कुणाला द्यायचं? सोमवारी साहेबांसमोर वैष्णवीनं फळ्यावर ठणठणीत पंचवीस लिहिलं.

मॅडमनी ही सगळी हकिगत, गुरुजींच्या नावासकट, समूहावर टाकली. अभिनंदन कुणीच केलं नाही. एवढं लांबलचक कोण वाचतो? काही दिवसांनी तोच मजकूर गेवराईकडून फिरून आला. दोघांची नावं गायब, खाली भलत्याच ‘उपक्रमशील’ सरांचा हसरा फोटो, आणि त्याखाली अभिनंदनाची रांग.

मॅडमनी तावातावानं फोन लावला. “गुरुजी, आपलं चोरलं त्यांनी!”

“चोरलं न्हाई म्याडम, उसनं नेलं,” गुरुजी म्हणाले. “तिकडच्या पोरांचं बी पंचवीस येऊ द्या की. परत कावून मागता? पुन्हा पस्तीस येईल.”