ताटावरनं पारखलेला जावई

आमच्या अप्पांना माणूस कळतो, असं सोलापुरात आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. अप्पांनाही ते पटलेलं होतं, हीच पंचाईत.

अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. दुकानात गडी ठेवायचा असो, माडीवर भाडेकरू घ्यायचा असो, ते त्या माणसाला आधी जेवायला बोलवत. आपण कडेला पान लावत बसत आणि त्याच्या ताटावर नजर ठेवत. आमच्यात ताटात येतो तो प्रसाद. शितसुद्धा टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. माझ्या लहानपणीच ही रीत म्हाताऱ्यांपुरती उरली होती. शिकलेल्या पोरांना तिची लाज वाटायची. त्यामुळे एखादा तरुण ताट धुऊन पाणी प्याला की अप्पांना पुढं काही विचारावंसंच वाटत नसे.

अक्का माझी मोठी बहीण. तिच्यासाठी पहिलं स्थळ आलं ते शहरातलंच, गिरणीत कारकून होता. गडगडाटी हसायचा. आमच्या आईनं, अव्वानं, आग्रह करकरून वाढलं आणि त्यानं अर्धी भाकरी, वर शेंगाचटणी तशीच टाकली. उठताना म्हणाला, वाढणाऱ्यांनी जरा आमच्या पोटाकडं बघायला पाहिजे होतं. दाराआड अक्का तोंडावर पदर धरून हसली. पण अप्पांचा चेहरा उतरला होता. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन आम्ही नुकते कुठं सावरत होतो. ज्याला अन्नाची किंमत नाही तो बायकोची काय ठेवणार, असं म्हणून त्यांनी नकार कळवला. त्या काळी मुलींना विचारायची पद्धत नव्हती, आणि आमचं घर काही जगावेगळं नव्हतं. तो माणूस पुढं कसा निघाला असता, मला ठाऊक नाही. त्याला मी देव करून ठेवणार नाही.

दुसरा आला तो वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातला. घरची शेती, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. खाली मान घालून जेवला. भाताचं एक शीत ताटाबाहेर सांडलं होतं, तेही त्यानं टिपून तोंडात टाकलं. मग पाणी घेतलं, ताट निगुतीनं धुतलं आणि डोळे मिटून प्याला. अप्पा आत येऊन अव्वाला म्हणाले, "पोरगं सोनं हाय. आता दुसरं बघायचं न्हाय." लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी अक्काकडे राहायला गेले. तिथं ज्वारीच्या पिठाच्या डब्याला कुलूप होतं आणि किल्ली भाऊजींच्या करगोट्याला. सकाळी ते स्वतः वाटीनं पीठ काढून द्यायचे. भाकऱ्या मोजून व्हायच्या, पुरुष जेवायचे, सासू जेवायची आणि मग अक्काच्या वाट्याला तुकडा यायचा. मी पाहुणी, म्हणून मला अख्खी भाकरी मिळे. ती मी खात असताना अक्का चुलीकडं तोंड करून बसायची. मी अर्धी पुढं केली तर म्हणाली, "खा तू. बघतील ते." ते कधी ओरडायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. अन्न वाया जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, काटकसरी माणूस आहे, संसार असाच उभा राहतो. अव्वा कधी नव्हे ती भांडली. पोरीला घेऊन या, म्हणाली. अप्पांनी एकच वाक्य धरून ठेवलं होतं, "माझ्या डोळ्यानं बघितलाय की मी तो मानूस." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी दुकानातून ज्वारीचं पोतं मात्र लावून दिलं. तेही तिकडं कुलपातच गेलं असणार, दुसरं काय.

पंचमीला अक्का माहेरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अव्वानं खोदून खोदून विचारलं, पण ती सासरबद्दल वावगं बोलली नाही. सण सरला आणि अप्पाच तिला एस. टी. स्टँडवर सोडून आले. बाळंतपणाला ती आली ती पार वाळून. अव्वा भाकरी करून घालायची, अक्का दोन घासांत थांबायची. तिला खाण्याची सवयच राहिली नव्हती.

बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्यावर चिडली, बाईच्या अंगात रक्त म्हणून नाही, म्हणाली, एवढे दिवस काय करत होता. अप्पा डबा घेऊन आले होते. ते खाटेजवळ गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "खायला देत न्हवते का गं तुला?"

अक्का त्यांच्याकडं बघून हसली. म्हणाली, "देत होते की, अप्पा. मलाच जात न्हवतं."

मी तिथंच उभी होते. अप्पांना ते खोटं कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

माझ्या वेळी अप्पा कुठलंच स्थळ बघायला बसले नाहीत. पाहुणे आले की दुकानात जायचे. मी चिडून एकदा जाब विचारला तर म्हणाले, "मला इचारू नगंस. मला काय कळत न्हाय." ज्यांच्या शब्दावर गल्ली चालायची ते माझे अप्पा. त्या दिवशी माझा सगळा राग गळून पडला आणि मला रडू आलं. शेवटी मी आणि अव्वानं मिळून ठरवलं. पहिल्या भेटीत मला त्या माणसाचं काहीही कळलं नव्हतं. नशिबानं बरा निघाला.

सासर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे माझी माहेरी फेरी व्हायची. अप्पा विचारायचे, जेवलीस का? मी पोटभर जेवून गेलेली असायची, तसं सांगायची. त्यांचा विश्वास बसायचा नाही. आपल्या ताटातली भाकरी मोडून ते माझ्यापुढं ठेवायचे आणि मी खाईपर्यंत स्वतः घास घ्यायचे नाहीत. मग मी भूक नसताना त्यांच्यासमोर बसून खायची, आणि ते एकेका घासाकडं बघत राहायचे.