बैलाच्या दाखल्यावरची मोटार

ती घटना डोळ्यांसमोर आली की मला आधी हसू येतं आणि मग अंगाला घाम फुटतो. हसू एका कागदाचं. घाम यासाठी, की त्या दिवशी एका सरळमार्गी माणसाच्या हातात मी बेडी घालणार होतो, आणि ती अगदी कायद्याला धरून घातली असती.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी मेहकर ठाण्यात नवाच फौजदार. आमचा जिल्हा थोड्याच काळात तीन राज्यांतून फिरून आलेला. त्यामुळे ठाण्यातल्या छापील फॉर्मांवर कुठे मध्य प्रदेश, कुठे मुंबई राज्य असं छापलेलं असे आणि आमचा रायटर ते खोडून वर शाईने 'महाराष्ट्र' लिहीत बसे. गुन्हे म्हणजे शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेली डोकेफोड, नाहीतर गुरांची चोरी. मोटारीची चोरी मी फक्त ट्रेनिंगच्या पुस्तकात वाचली होती. म्हणून अकोल्याहून बिनतारी संदेश आला, की एका वकिलाची काळी मोटार चोरीला गेली आहे, इंजिन नंबर अमुक अमुक, तेव्हा मी तो डायरीत उतरवून घेतला आणि विसरूनही गेलो. त्या काळात मोटार म्हटली की ती काळीच असायची. शोधणार कुठे, कपाळ!

आठवड्याभराने आमचा खबऱ्या आला. हा एसटी स्टँडवर पान-बिडी विकायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक चाकाकडे बघत बसायचा.

"सायेब, जानेफळात एका जनानं मोटर घेतली. जुनी हाय. लय खोकते."

"मग? खोकल्याचं औषध देऊ का?"

"तसं नाई सायेब. गाडी जुनी हाय, पन नंबराच्या पाटीचे इस्क्रू नवे करकरीत हायेत. काऊन असन?"

मी जागेवरून उठलोच. पोलिसाला शिकवावी अशी ही गोष्ट, आणि ती मला पानवाल्याने शिकवली. मी जमादारांना बरोबर घेतलं. हे जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे, निम्मी नोकरी गुरांच्या चोऱ्या तपासण्यात गेलेली. आम्ही एसटीने जानेफळ गाठलं.

मोटार अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. चाकांना हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार. मी कुणाला न विचारता बॉनेट उघडलं, रुमालाने इंजिन पुसलं आणि नंबर वाचला. संदेशातलाच नंबर. एका आकड्याचाही फरक नाही. पाटीवरचा नंबर मात्र वेगळाच.

मालक घरातून बाहेर आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, सगळा भाग त्यांना पारखीबुवा म्हणायचा, तेच म्हणू. पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. थोडी शेती, आणि खरी ओळख म्हणजे बैलाची पारख. दहा गावांत कुणाला जोडी घ्यायची झाली की आधी यांना बोलावणं. यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला की सौदा पक्का, यांनी मान हलवली की विकणाऱ्याने दावं सोडून चालू लागायचं. असा त्यांचा शब्द. गावात मोटार नव्हती, अडलेली बाळंतीण बैलगाडीतून मेहकरला न्यावी लागे, म्हणून त्यांनी ही घेतली होती. चालवायला ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या होता. पारखीबुवांच्या उभ्या जन्मातली ही पहिली मोटार.

"ही गाडी चोरीची आहे," मी म्हणालो.

ते हसले. खरंच हसले. "सायेब, मी पारखून घेतली हो. चोरीचा माल माह्या दारात येतच नाई."

"कागद दाखवा."

ते आत गेले आणि देवघरात ठेवलेला एक कागद दोन्ही हातांनी घेऊन आले. मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. तो गुरांच्या बाजाराचा दाखला होता! बैल विकत घेतला की बाजाराचा मुन्शी लिहून देतो तो. विकणाराचं नाव, घेणाराचं नाव, जनावराचा रंग, शिंगं, खुणा, डाग. मोटारीच्या दाखल्यात मुन्शीने लिहिलं होतं: 'रंग काळा. शिंगे नाहीत. शेपूट नाही. वय अंदाजे बारा.'

"माझी थट्टा करतोस काय रे?" मी ओरडलो. तरुण होतो, अंगात वर्दी होती, अरे-तुरे पटकन तोंडात यायचं. "गाडीचं पुस्तक कुठं आहे?"

"थे नावावर व्हाले गेलं सायेब. मिस्त्री म्हने महिना लागते. म्हून मी म्हनलं, तोवर दाखला त पायजेच. बिनादाखल्याचं जनावर घरी आनत नाई मी."

चोरीचा माल दारात, पाटी खोटी, पुस्तक नाही, आणि पुरावा काय तर बैलाचा दाखला. कलम चारशे अकरा, चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे. मी पंचनामा केला, गाडी ताब्यात घेतली, पारखीबुवांना पुतण्यासह त्याच गाडीतून ठाण्यात आणलं. वाटेत गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा मीही खाली उतरून धक्का मारला. फौजदार चोरीची मोटार ढकलतोय, असं दृश्य लोकांनी पाहिलं ते निराळंच.

दुसऱ्या दिवशी मेहकरचा बाजार होता. अटक दाखवायची तर पारखीबुवांना बेडी घालून, भर बाजारातून कोर्टात न्यावं लागणार होतं. ज्या बाजारात त्यांच्या मानेच्या हलण्यावर सौदे होत, त्याच बाजारातून. त्यांना ते कळलं होतं. ते बाकावर बसून होते, चहा घेतला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "सायेब, जेलात टाका. पन उद्या बाजारातून नका नेऊ. मंग मले कोनी बैल दाखवनार नाई."

मी जबाब घ्यायला बसलो.

"गाडी कुणाकडून घेतली?"

खामगाव रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडून.

"आणि पारखली कशी?"

यावर माणूस खुलला. मिस्त्रीने दुपारी या म्हटलं, तर हे भल्या पहाटे न सांगता गेले. का, तर बाजारात आणलेला बैल धुतलेला, चारलेला असतो. त्याला गोठ्यातून उठताना बघावं. "बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. मंग म्हनलं, उठव आता. एका हाकेत उठली." जिथे गाडी उभी होती तिथली जमीन बघितली. गोठा बैलाची तब्येत सांगतो. जमीन कोरडी होती, तेल गळलेलं नव्हतं. चाकं खुरांसारखी एकेक बघितली, एकीकडेच झिजलीत का ते. मग सात माणसं बसवून चढावर नेली. रिकामा बैल कुणाचाही पळतो, म्हणाले. उतारावर इंजिन बंद करायला लावून नुसते कान दिले.

मी लिहायचं थांबलो. इतकी पारख करणाऱ्या माणसाने तीनदा बंद पडणारी गाडी घेतली? हे काही जुळेना.

"मग ही अशी कशी निघाली?"

"सायेब, रुसली हाय थे." ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "सौदा झाल्यावर मिस्त्रीनं नावावर कराले म्हून आठ दिवस नेली होती. परत आल्यापासून अशीच. नव्या दावनीले बैल पंधरा दिवस चारा खात नाई, जुन्या घराची सय येते त्याले. तसंच असन. मी पुतन्याले म्हनलं, बोलू नोको तिले, सवय होईन."

रायटर फिदीफिदी हसायला लागला. मलाही हसू आवरेना. एकटे जमादार हसले नाहीत. ते दाखला हातात धरून उभे होते.

"साहेब, जरा ऐका. 'खुणा: उजव्या मागल्या दाराखाली मूठभर पोचा.' बाहेर उभ्या गाडीला पोचा हाये का?"

मी बाहेर जाऊन बघितलं. पोचा नव्हता.

"थो मिस्त्रीनं ठोकून देला असन," पारखीबुवा म्हणाले. "मले वाटलं, भला मानूस हाय."

"अन् पुढं ऐका. 'डाग: पोटात, लोखंडावर,' अन् आकडे लिहिलेत."

डाग म्हणजे मालकाने जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाने दिलेली खूण. चोरीचा बैल ओळखायचा तो डागावरून. पारखीबुवांनी सवयीने मोटारीचाही डाग शोधला होता. बॉनेट उघडल्यावर इंजिनावर ठोकलेले आकडे दिसले. त्यावरून अंगठा फिरवून आधी खात्री केली, की डागावर दुसरा डाग मारलेला नाही ना. मग मुन्शीला शेडपर्यंत चालवत आणून ते आकडे एकेक करून उतरवून घ्यायला लावले होते.

मी दाखल्यातले आकडे आणि पंचनाम्यातले आकडे शेजारी शेजारी ठेवले. जुळत नव्हते. एकही जुळत नव्हता.

"मुन्शीनं चुकीचं लिहिलं असेल," मी म्हणालो.

पारखीबुवा पहिल्यांदाच चिडले. "मुन्शी सगळं चुकन सायेब, डाग नाई चुकनार! डाग चुकला त बैल चोरीचा ठरते. मी सोता तीनदा वाचून घेतला."

मग जमादार हळूच म्हणाले, "साहेब, बैल बदलला हो." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दाखवली एक, दिली दुसरी! मिस्त्रीने चांगली मोटार विकली, नावावर करायच्या बहाण्याने परत नेली आणि तिची पाटी चोरीच्या मोटारीला लावून तीच हार घालून पाठवून दिली. एक तर चोरीचा माल खपला, आणि चांगली गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला मोकळी. दाखल्याखाली तर मिस्त्रीची झोकदार सही होती. सही केल्याशिवाय पारखीबुवा पैसे देईनात, म्हणून त्याने खेडवळाची गंमत म्हणून हसत हसत केली होती.

सकाळच्या हजेरीनंतर मी साध्या कपड्यात निघालो. जमादारांनी धोतर नेसलं आणि देऊळघाटचे शेतकरी झाले, पहिलीच गाडी घ्यायला निघालेले. पारखीबुवांना दोन शिपायांबरोबर शेडच्या थोडं अलीकडे उभं केलं. शेडमध्ये काळी मोटार उभी. उजव्या मागल्या दाराखाली मूठभर पोचा.

"एकदम फस्क्लास गाडी," मिस्त्री म्हणाला. "दुपारच्याला या, चालवून दावतो."

"आताच दाव नं बे," जमादार म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं.

मी इशारा केला. पारखीबुवा आत आले. त्यांनी मिस्त्रीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ इंजिनाकडे गेले, वाकले, आकड्यांवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा आवाज फुटला. "सायेब, हीच! हीच माही हाय!" आणि तो उंच माणूस गाडीच्या मडगार्डला धरून लहान पोरासारखा रडला. माझ्याही छातीवरचा दगड उतरला, हे मी लपवत नाही.

मिस्त्री सराईत होता. मी यांना ओळखत नाही, म्हणाला. मी दाखला पुढे केला. तो हसला, "अहो साहेब, हा बैलाचा कागद!" मी म्हणालो, "सही तुझीच ना? बरं, डाग वाच. मोठ्याने वाच. आता इंजिनावरचा वाच." पहिले तीन आकडे वाचून तो टायरवर खाली बसला. पुढचं त्याने न विचारता सांगितलं. चोरी कुणी केली तेही. मारायची गरज पडली नाही. टेबलाखालच्या खणात पारखीबुवांच्या खऱ्या गाडीचं पुस्तकही मिळालं, कुठेही न पाठवलेलं.

पुढे मिस्त्रीला शिक्षा झाली, वकिलाची मोटार वकिलाला गेली. पारखीबुवांची गाडीही मुद्देमालच, पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दाखला वाचला, 'शिंगे नाहीत' इथे चष्मा पुसला, आणि मिस्त्रीला पकडलं त्याच दिवशी सुपूर्दनाम्यावर गाडी मालकाच्या ताब्यात दिली.

तेव्हापासून लोक मला विचारतात, साहेब, पहिलीच जुनी गाडी घेतोय, काय बघू? मी सांगतो ते सगळं पारखीबुवांचं आहे. गाडी गार असताना चालू होताना बघा. तिच्या खालची जमीन बघा. भरून चढावर न्या. नंबर पुस्तकाशी ताडून बघा, आणि सौद्यानंतर गाडी विकणाऱ्याच्या हातात एक दिवसही देऊ नका. गाडी रुसत नसते, एवढं एक मात्र माझं.

पण या केसने मला शिकवलं ते निराळंच. तो दाखला माझ्या ओळखीचा कागद नव्हता, म्हणून मी त्याला कागदच मानलं नाही. त्यांनी त्यांच्या विद्येप्रमाणे सगळं चोख केलं होतं. माझ्या विद्येत ते बसत नव्हतं, एवढ्यावर मी त्यांना चोर ठरवायला निघालो होतो. त्यानंतरच्या नोकरीत कुणी विचित्र काही पुढे केलं की मी आधी ते शेवटपर्यंत वाचायचो.

त्या दिवशी कोर्टातून बाहेर आल्यावर मी त्यांची माफी मागितली. वर्दीत मागितलेली ती माझी पहिली माफी. ते म्हणाले, "माफी नोको सायेब. एक काम करा. गाडीत माह्या बाजूले बसा, अन् बाजारातून चला."

बाजार अजून भरलेला होता. नियमात ते बसत नव्हतं. मी टोपी नीट केली आणि त्यांच्या शेजारी बसलो. पुतण्याने गाडी चालू केली. एका हाकेत उठली. गुरांच्या बाजारातून आम्ही अगदी सावकाश गेलो, आणि मधोमध एका माणसाने बैलाचं दावं धरून हात वर केला, "बुवा, जरा खाली उतरा नं. हा बैल पाहून द्या."