लंकेचा चार्ट

"आठ म्हणजे कोणतं आठ? सात अठ्ठावन्न की आठ सात?"

गेटपाशी एक उंच, काटकुळ्या बाई फुलवालीला विचारत होत्या. मी दोन बॅगा घेऊन पायरीवर उभी होते. तेव्हा मला तमिळमधले आकडे तेवढे कळायचे, आणि भांडण आकड्यांचंच होतं. फुलवालीनं काहीतरी पुटपुटत टोपली डोक्यावर घेतली. ती काय म्हणाली ते त्या बाईंनीच मला नंतर हसत सांगितलं : "म्हणाली, देव थांबतो, तुम्हीच थांबत नाही." मग माझ्याकडे वळून, मनगटावरचं घड्याळ बघत त्या मराठीत म्हणाल्या, "तू अकराला येत्ये म्हणालीस. अकरा चौदा झाले. सरि, असू दे, पहिला दिवस आहे."

पेरांबूरच्या त्या गल्लीत त्यांना सगळे 'टैम अक्का' म्हणत. मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहिले. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांच्या बोलण्यात 'आणिक', 'जाहलें' असे शब्द सहज येत आणि मधेच तमिळ घुसे. मी चिंचवडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. दोघींनाही एकमेकींचं मराठी दुरुस्त करावंसं वाटायचं. त्या करायच्या, मी करत नसे.

चाळीस वर्षं त्या रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे नकाशे-आराखडे गिरवून पक्के करणाऱ्या, होत्या. गाड्यांचं वेळापत्रक आपण छापलेलं पाहतो. ते छापण्याआधी एका मोठ्या कागदावर काढलेलं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. डावीकडे वरून खाली स्टेशनांची नावं, वर आडवे तास आणि मिनिटं. प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ चढी, संथ गाडीची आडवी होत गेलेली, आणि गाडी थांबली की रेघ अगदी सपाट. "उभी रेघ मात्र देवालाही काढता येत नाही," अक्का म्हणायच्या. "वेळ न लागता कोण पोचलंय?" कंपनीची बस चुकेल म्हणून मी जिना धावत उतरू लागले की खालून ऐकू यायचं, "उभी रेघ काढू नकोस, कण्णा!" कण्णा म्हणजे तमिळमधलं लाडाचं 'बाळा'.

एवढ्या गाड्या काढल्या, पण त्या स्वतः त्रिचीच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. लग्न केलं नाही, बहिणीच्या मुलाला, शेखरला, वाढवलं. तो आता त्रिचीत बँकेत होता. निवृत्त झाल्यावर काय करायचं ते मात्र त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. हात बसावा म्हणून नव्या ट्रेसरांना जुने चार्ट गिरवायला देत. अक्कांच्या वाट्याला एक फार जुना चार्ट आला होता, धनुष्कोडीचा रूळ समुद्रानं नेला त्याच्या आधीचा. त्यात गाडीची रेघ धक्क्यापर्यंत यायची आणि तिथून पुढं ठिपक्या-ठिपक्यांची व्हायची. ती बोट. ठिपके संपत तिथं लिहिलं होतं, तलैमन्नार. "त्याच्यापुढं कागद संपला," त्या म्हणायच्या. "मी विचारलं, पुढं? साहेब म्हणाले, पुढं दुसऱ्यांचा देश. पुढची रेघ ते काढतात." ती पुढची रेघ त्यांना बघायची होती. सगळ्या लंकेला फेरी मारून शेवटी तलैमन्नारच्या धक्क्यावर उभं राहायचं आणि इकडं बघायचं. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला. फोटोत त्या फार रागावलेल्या दिसतात.

मी बरोबर जायचं कसं ठरलं ते आठवत नाही. मला कुणी विचारलं की नाही म्हणायला वेळ लागतो, तोवर ठरून जातं. पण हे ठरलं याचा मला मनातून आनंद झाला होता. मीही कधी देशाबाहेर गेले नव्हते.

पहिला वाद पावसावरून. "जून ते सप्टेंबर सोडून कधीही," मी म्हणाले.

"जूनमधे कसला पाऊस? जूनमधे ऊन असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर नको."

"अक्का, ऑक्टोबरमधे पाऊस संपतो."

"तुझ्या गावचा संपत असेल. इथं तेव्हाच रस्त्यात होड्या लागतात."

चार दिवस आम्ही हटून बसलो. शेवटी मी फोनवर नकाशे काढून बघितले. लंकेच्या एका बाजूला माझा पाऊस पडत होता आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा. कोलंबो, गॉल आणि डोंगर माझ्या महिन्यांत भिजायचे, तर तलैमन्नारचा किनारा त्यांच्या. अक्का बराच वेळ त्या रंगीत नकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघीही बरोबर. आता दोघींचं नसेल ते शोध." मार्च निघाला.

जेवणाचं टेबल त्या दिवसापासून गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो आणि टेबलावर कागद पसरला. मला वाटलं होतं, बारा दिवसांची यादी करतील : आज हे गाव, उद्या ते. अक्कांनी डावीकडे स्टेशनं मांडली. कोलंबोहून किनाऱ्यानं गॉल, परत फिरून डोंगरात एल्लापर्यंत, मग कँडी, अनुराधपुर, तलैमन्नार. मी फोनवरून वेळा काढून द्यायची, त्या पेन्सिलीनं रेघ ओढायच्या. आमच्याच नाही, त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्यांच्या. मी विचारलं, आपल्याला त्यांचं काय? "नुसती आपलीच रेघ काढली, तर वाटतं रूळ आपल्यासाठीच टाकलेत."

प्रत्येक ठिकाणी गाडी बदलताना त्यांनी चाळीस-पन्नास मिनिटं रिकामी ठेवली होती. मला ती वाया गेल्यासारखी वाटायची. "हा वेळ कशाचा, अक्का?"

"चुकण्याचा. त्याला जागा ठेवली नाही, तर मग माणूस चुकतच जातं."

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटी चौकट काढली. वर 'काढणार', खाली 'तपासणार'. वरती त्यांचं नाव, खालती माझं. ऑफिसात काढणाऱ्यानं आपलंच काम तपासायचं नाही, असा नियम होता. तपासणाऱ्यानं लाल पेन्सिल हातात घेऊन एकेक वेळ मोठ्यानं वाचायची. दर रविवारी सकाळी कॉफी झाली की मी वाचायला बसायची. मला मराठी आकडे पटकन येत नाहीत. सत्तेचाळीस म्हणायचं तिथं मी अडखळायची. "इंग्रजीत सांग," त्या म्हणायच्या, "पण मोठ्यानं सांग." इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात माझं काम तपासणीचंच होतं. मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग बघायचे, दोष दिसला की लाल पट्टी चिकटवायची. तिथं बोलावं लागत नसे.

पोंगलच्या आधीच्या रविवारी मी एल्लाच्या बाजूचं वाचत होते. तिथं डोंगरात एकेरी रूळ आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं स्टेशनात थांबून दुसरीला वाट द्यायची, म्हणजे चार्टावर दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या स्टेशनाच्या ओळीवरच. त्या दिवशी दोन रेघा मधेच, दोन स्टेशनांच्या मधल्या जागी, भेटल्या होत्या. कागदावर ती टक्कर होती. चाळीस वर्षांत आपल्या चार्टावर असं एकदाही झालं नाही, हे अक्कांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मी वाचता वाचता थांबले.

"काय?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. घसा."

त्या माझ्यासाठी गरम पाणी आणायला उठल्या. मी रबर घेतलं, रेघ खोडली आणि बरोबर जागी ओढली. चूक कुणाचीही होते, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या रविवारी अनुराधपुरला आमची गाडी पोचायच्या आधीच सुटली होती. त्याच्या पुढच्या रविवारी गॉल दोनदा लिहिलेलं होतं. मला पाणी आणून देण्यासाठी त्या उठायच्या, किंवा दारात कुणी यायचं, आणि मी खोडायची. लाल पेन्सिलीचं टोक तसंच राहिलं.

जानेवारीच्या शेवटी शेखरचा मला फोन आला. "मौशीनं काल मला दोनदा फोन केला. तेच विचारलं, तशाच शब्दांत. तुम्ही रोज बघता तिला. ठीक आहे ना? तुम्ही हो म्हणालात तर मी आड येत नाही. जाऊ दे तिला लंकेला."

"ठीक आहेत," मी म्हणाले.

नाही म्हटलं असतं तर सहल तिथंच संपली असती, म्हणून मी तसं म्हणाले. आणि नाही म्हटलं असतं तर पुढं बोलावं लागलं असतं, म्हणूनही म्हणाले. यातलं किती कशासाठी होतं ते मला अजून वेगळं करता येत नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी त्या जॉर्ज टाउनच्या बाजारात गेल्या. शाईनं पक्का चार्ट काढायचा तर जुन्या दुकानातलीच निब हवी होती. "बारा चाळीसला जेवायला येत्ये," असं सांगून गेल्या. आल्या त्या चारला. घामानं पाठ भिजलेली, निबची पुडी मुठीत घट्ट धरलेली. मी ताट वाढलं. "गाड्या लेट होत्या," त्या म्हणाल्या आणि भातात सांबार कालवत राहिल्या, खाल्लं नाही. त्या दिवशी एकही गाडी लेट नव्हती. मी दुपारपासून फोनवर बघत होते.

लंकेला आम्ही गेलो नाही. तलैमन्नार दोघींनीही पाहिलं नाही. मार्चमधे डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, तपासण्या झाल्या, आणि एप्रिलमधे शेखर त्यांना त्रिचीला घेऊन गेला. मी महिन्यातून एकदा जाऊन येते. कधी त्या मला कण्णा म्हणतात, कधी "ऑफिसातून आलीस का गं?" असं विचारतात. मी हो म्हणते, तेही खोटं नसतं. कारखान्यात आता मी नुसती पट्टी चिकटवून बाजूला होत नाही. ज्यानं तो भाग केला त्याच्यापाशी जाऊन सांगते, कुठं आणि काय. आवाज अजून बारीकच आहे. मशीनच्या गोंगाटात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचाय तो फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. निघायला नऊ दिवस उरले होते. मी खाली आले तर टेबल मोकळं होतं. अक्कांनी कागद खिडकीच्या काचेला चिकटवला होता आणि बाहेरचं ऊन त्यातून आत येत होतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. त्यांनी बोटानं एक जागा दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. तिथं कागद पातळ होऊन जास्त उजळ दिसत होता. "खोडलेल्या जागी कागद केसाळ होतो. सकाळी शाई लावली, ती पसरली." मग बोट एका रेघेवर सरकवलं. "माझी रेघ हलकी. ही दाबून काढलेली आहे."

मी जवळ जाऊन बघितलं. रेघ माझीच होती.

"तपासणाऱ्यानं खोडायचं नसतं, कण्णा. लाल गोल करायचा आणिक परत द्यायचा. ऑफिसात कुणी असं खोडलं असतं, तर मी त्याच्या टेबलावर जाऊन भांडले असते."

मला वाटलं आता रागावतील. मला ते हवं होतं. पण त्या खुर्चीवर बसल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही.

"त्या दिवशी जॉर्ज टाउनहून येताना मी स्टेशनात बसून होत्ये. गाड्या येत होत्या. पाट्या वाचता येत होत्या मला, सगळ्या. माझी कुठली, तेवढं कळेना. तीन तास. एका बाईनं हात धरून गाडीत बसवलं. घरी येऊन मी काय केलं, ठाऊक आहे? हा चार्ट उघडला. एकेक रेघ बघितली. सगळ्या बरोबर. मग म्हटलं, एका दिवसाचं असेल. ऊन लागलं असेल. चार्ट बरोबर आहे, म्हणजे मी बरोबर आहे."

काचेवरच्या कागदाचा एक कोपरा सुटला. मी तो धरायला पुढं झाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती.

"किती चुका होत्या?"

मी मान खाली घातली.

"मान खाली घालून चालत नाही. मोठ्यानं सांग. किती?"

"अकरा," मी म्हणाले. "पहिली पोंगलच्या आधीच दिसली होती मला, अक्का."