घेरदार झगा

इथे आखातात, अल नस्र भागातले आमचे शिंपी मूळ रत्नागिरीचे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते बोलतात गिऱ्हाइकाशी, पण बघतात कापडाकडे.

इथल्या हौशी मराठी मंडळींनी राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक विलायती संगीत नाटक कसं उभं राहिलं, यावर फिल्म काढली. वेशभूषा माझ्याकडे होती. नायिकेचा झगा नाचताना पायांत अडकायचा. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "नाचच काढून टाकू." मी झगा चाचांकडे नेला.

"नाच कशाला काढता, ताई?" ते म्हणाले. त्यांनी वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपाची तीन कडी करून घेराच्या आत शिवली, म्हणजे कापड पायांपासून लांब राहील.

अल गराफातल्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, तेव्हा चाचाही आले होते. नायिकेच्या गिरक्यांना टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकाने येऊन चाचांचा हात हातात घेतला.

"अजून दहा गिरक्या घेतल्या असत्या," चाचा म्हणाले, "तरी अडकला नसता."