कालेजाला लावलेला कौल

खैरोलीला कालेज आलं ते भिऊन आलं. बेचाळीस साली मुंबईवर जपानचा बाँब पडणार अशी आवई उठली, आणि तिथल्या एका कालेजानं आपली निम्मी पोरं उचलून पेज नदीच्या काठी आणून टाकली. गवताच्या व्यापाऱ्याच्या दोन पत्र्याच्या वखारी गावाबाहेर रिकाम्या पडल्या होत्या. त्यांत बाकं मांडली, फळा टांगला, आणि झाली कालेजाची ब्रँच. पहिलं वर्षभर मास्तर पुस्तक झटकून उघडायचे, तरी त्यातून कुसळं गळायची.

बहिरीच्या देवळाचा गुरव आबाजी. त्याला हे बिऱ्हाड सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. डोंगरापायथ्याच्या पॉवर हाऊसातून, वीज करून सुटलेलं पाणी पेजेला भर उन्हाळ्यातही असायचं, आणि कालेजाची पोरं देवळाच्या वरच्या अंगाला डोहात साबण लावून डुंबायची. देवाच्या घागरीत फेस यायचा. आबाजी काठावर उभा राहून शिव्या घालायचा, पोरं हात जोडून नमस्कार करायची, की पुन्हा बुडी.

पण प्रोफेसर प्रधानांची बायको एकदा देवळात आली आणि आबाजीच्या आवडीशी बोलत बसली. तिथून आबाजीच्या शिव्या कमी झाल्या.

आवडी त्याची एकुलती लेक. चौक गावी गॅरेजात काम करणाऱ्याला दिली होती. त्यानं वर्षाच्या आत दुसरी आणून बसवली आणि हिला बापाच्या दारात आणून सोडली. आबाजीला मुलगा नव्हता. त्याच्यामागं देवाच्या पूजेची पाळी पुतण्याकडं जायची, आणि पुतण्याची बायको आवडीच्या ताटातला भात आतापासूनच डोळ्यांनी मोजायची. आबाजीला झोप लागायची नाही ती याच कारणानं. प्रधानबाईंनी त्याला एक वाट दाखवली. आवडी चौथीपर्यंत शिकलेली होतीच. सातवीची, फायनलची परीक्षा दिली, की शाळेवर बाई म्हणून लागेल. प्रधानबाई रोज दुपारी तिला शिकवू लागल्या. बघता बघता तीन वर्षं गेली. येत्या चैत्रात परीक्षा होती.

आणि श्रावणात लढाई संपली.

लढाई संपली म्हणजे भीती संपली, आणि भीती संपली म्हणजे कालेजाचं इथं काय काम? मुंबईचे चालक म्हणू लागले, चला परत. प्रधान आणि आणखी दोघे-तिघे प्रोफेसर म्हणाले, राहू द्या, गावानं डोहापलीकडचा माळ दिला तर इमारतही उभी राहील. चालकांनी सांगितलं, गणपती झाल्यावर आमची माणसं येतील. त्याआधी गावानं कर्जतला जाऊन, मामलेदारापुढं अंगठे उठवून माळ द्यायला कबूल व्हावं, मग पुढचं बोलू.

गाव देवळाच्या मंडपात बसलं. मालोजी पाटील म्हणाला, "कालेज ऱ्हायलं तर आपली पोरं बी शिकतील. आज नाय तर उंद्या."

"तुमची पोरं शिकतील पाटील," येसाजी उठला. तालुक्यात भांडकुदळ म्हणून त्याचं नाव होतं. "बेचाळीसला त्यांच्या पोरांनी तारा तोडल्या का नाय ते देव जाणे, पण पोलिसांनी थोबाडीत कुनाच्या दिली? माज्या!"

"तुजं तोंडच तसं हाय रं, येसा. बगितलं की हात शिवशिवतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मंडप हसला. येसाजी हसला नाही. "आन माळ दिल्यावर गुरं कुटं चारायची? त्यांच्या पुस्तकांवर?"

धाकलूचं म्हणणं वेगळंच. वखार चालू होती तेव्हा त्याला गवताच्या गाठी बांधायचं काम मिळायचं. "व्यापारी वखार मागतोय. त्याला त्याची वखार देऊन टाका, नि माजं काम मला."

कालेजाला दूध घालणारी बायजा खांबाआडून ओरडली, "आन माजं दूध कोन पिनार रं? तू?"

"फुकट दिलंस तर पितो की!"

पायरीखाली ठाकरवाडीचा पोशा बसला होता. कालेजाच्या चुलीला लाकडं तोच घालायचा. पाटलानं विचारलं, "तू सांग रं पोशा." पोशा म्हणाला, "लाकडं घेनारा कोन बी असला तरी मोळी आमच्याच डोक्यावर." आणि विडी पेटवली.

निम्मं गाव इकडं, निम्मं तिकडं. बोलणं तापत गेलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "बहिरीला इचारा ना! तो देईल तो कौल."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. एकटा येसाजी पुटपुटला, "पोर गुरवाची शिकतीय, हात बी गुरवाचाच."

आबाजीनं उजवा हात पुढं केला. "येसाजी, देवाच्या अंगावर लबाडी केली तर हा हात झडून जाईल माजा."

त्यानं आंघोळ केली, देवाला न्हाऊ घातलं, आणि भिजवलेल्या दोन पाकळ्या बहिरीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर कालेज राहील, डावी पडली तर जाईल. आजवर त्यानं किती कौल लावले असतील. विहिरीचे, सोयरिकीचे, हरवलेल्या बैलाचे. कुठली पडावी याचं त्याला कधी काही नव्हतं. आज उजवी पडावी असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून तो देवाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

उजवी पाकळी सुटली, घरंगळली, आणि देवाच्या पायाशी पडली.

"बहिरीच्या नावानं चांगभलं!" मंडप दणाणला. येसाजीनंही कपाळ टेकलं. "देव बोलला. आता मी गप."

एवढ्यावर सगळं ठीक होतं. पण गणपती बसले, उठले, तरी मामलेदाराकडं कोणी जाईना. आबाजीनं पाटलाला गाठलं.

"पाटील, कर्जतला कवा जायचं?"

"कशाला?"

"माळाचं सांगायला."

पाटलानं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. "आवं, तुमीच तर उजवा दिलात. देव ऱ्हाईल म्हनला, म्हंजी कालेज ऱ्हानार. आता मामलेदार काय देवाहून मोटा हाय? आन मी माळाची गोष्ट काडली की येसाजी पुन्ना उटंल. मिटलंय ते मिटू द्या."

आबाजी तसाच परत फिरला. देवाच्या शब्दाला माणसाचे अंगठे लागतात, असं गुरवानंच सांगायचं? मग उद्या कौल कोण मागेल? येसाजी गप्प बसला होता तो देवाला भिऊन. धाकलू गप्प, बायजा गप्प. सगळं गाव त्या एका पाकळीवर हात टेकून निवांत बसलं होतं. ती पाकळी चिकटवणाऱ्यानं तिला धक्का कसा लावायचा?

मुंबईची माणसं आली. वखारीपुढं खुर्च्या मांडल्या. त्यांनी विचारलं, "माळ देताय का?" पाटील म्हणाला, "सायेब, कौल झालाय." "ते बरं झालं. पण माळ?" "देवानं उजवा दिलाय, सायेब. कालेज ऱ्हातंय." साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. गाव म्हणालं, बघा, काही बोलले नाहीत, म्हणजे कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी प्रधानबाई आबाजीकडं आल्या. ओटीवर टेकल्या, पाणी प्यायल्या.

"आबाजी, मला लक्षण ठीक दिसत नाही. यांना मुंबईला बोलावलंय, आम्ही दसऱ्याआधीच निघतोय. आवडीला माझ्याबरोबर पाठवा. दादरला माझ्या घरी राहील, मुलीसारखी. चैत्रात परीक्षा देईल. पुढचं मी बघते."

दाराआड बांगड्या वाजल्या. आबाजीच्या ओठांवर 'न्या' आलं होतं. पण ओटीसमोरून पुतण्याची बायको घागर घेऊन गेली, आणि तिची घागर नदीवर पोचायच्या आत गोष्ट गावभर झाली.

येसाजी दारातच आला. मागं पाच-सहा जण.

"काय गुरवबाबा? पोर मुंबईला धाडताय म्हनं."

आबाजी उठून उभा राहिला.

"कालेज हितं ऱ्हानार, तर पोर तिकडं कशाला? का तुमालाच ठावं हाय, का कालेज जानार? मग आमाला कौल कसला लावलात?"

सगळ्यांची नजर आबाजीच्या उजव्या हातावर होती. त्यानं तो हात धोतराच्या घोळात घेतला.

"कोन म्हनतं?" तो म्हणाला. "कालेज हितंच हाय. माजी पोर बी हितंच."

प्रधानबाई उठल्या. दाराकडं बघून "येते गं" म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

दिवेलागणीला आवडीनं भाकर वाढली.

"बा, ऱ्हाईल कालेज?"

"देवानं सांगितलंय."

"देवाला नाय इचारलं. तुमाला काय वाटतं?"

आबाजी भाकर कुस्करत राहिला. कालवण घ्यायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळी झाली आणि बैलगाड्या लागल्या. बाकं, फळे, पेट्या, सगळं कर्जत टेसनाकडं गेलं. गाव रस्त्यावर उभं राहून बघत होतं, आणि कोणालाच पटत नव्हतं. देवाचा कौल असून कालेज जातंच कसं? त्याच संध्याकाळी मंडपात बैठक बसली. देव खोटा बोलत नाही यावर दुमत नव्हतं. मग उरलं काय?

"हात," येसाजी म्हणाला.

पाटील खाली बघत बोलला, "आबाजी, राग धरू नका. यंदाचे कौल पुतन्याला लावू द्या. देवाची आंगोळ-पूजा तुमीच करा. शिधा काय आमी तोडत नाय."

आबाजी घरी आला तो धापा टाकतच. "आवडे, ऊठ. बोचकं बांद. उंद्या तुला दादरला न्हेऊन घालतो. आता कसली लाज नि कुनाची भीड!"

आवडी चुलीपुढून उठली नाही.

"मी गेले तर काय म्हनतील, बा? पोरीसाटीच हात वाकडा केला, आता पोर गेलीच बगा. आज निस्ता कौल काडून घेतलाय. उंद्या देवळातनं काडतील तुमाला. मग खायाचं काय तुमी? पुतन्याच्या दारात बसनार?"

"बसंन."

"मला नाय चालनार."

त्यानं खूप समजावलं, ओरडला, शेवटी रडलाही. ती लाकडं पुढं सारत राहिली.

महिनाभरात वखारीत गवत पडलं. डोंगरउतारावरून गाड्या येत होत्या. आबाजी देवाला न्हाऊ घालत होता, तेव्हा त्याला खालच्या वाटेवरून धाकलूचा आवाज आला.

"आवडे, येतीस का गाठी बांदायला? बायामानसं कमी पडत्यात."

"येते की. घागर ठेवून येते."

आबाजीनं वळून बघितलं नाही. बहिरीच्या खांद्यांवर पाणी ओतत राहिला. उजव्या, मग डाव्या. घागर रिकामी झाली तरी हात तसाच वर धरून उभा होता.